डाव्या बाहीची गाठ

ऐक ना, मध्ये बोलू नकोस, आधी पूर्ण ऐक. दुपारचे तीन वाजलेत, साडेसहाला पडदा उघडणार, आणि नायक स्टेजच्या मधोमध कोटात अडकून उभा आहे. एक हात आत, एक हात वर, तोंड लालबुंद. टाचणीताई त्याच्याभोवती गरागरा फिरतेय. तोंडात चार टाचण्या, त्यामुळे शिव्यासुद्धा नाकातूनच देतेय.

टाचणीताई म्हणजे एका हौशी नाटक मंडळाचा कपडेपट सांभाळणारी. दिवसभर एका दुकानाच्या मागच्या खोलीत बसून लोकांच्या पँटी आखूड करायच्या आणि संध्याकाळी तालमीला यायचं, हे तिचं आयुष्य. या वेळी संगीत नाटक, माणसं चौदा, आणि कपड्यांसाठी मंडळाने हातात जे पैसे टेकवले त्यात नायकाचे धड बूटही आले नसते. मग काय, राणीचा झगा हॉलच्या जुन्या मरून रंगाच्या पडद्यातून निघाला, शिपायांचे पट्टे सायकलच्या ट्यूबमधून, आणि कोरसच्या बायकांना तिने मोडक्या छत्र्यांच्या कापडाचे घागरे शिवले. चालताना सळसळ असा आवाज यायचा, दिग्दर्शकाला वाटलं मुद्दामच केलंय.

पण नायकाचा काळा कोट काही कशातूनच निघेना. शेवटी ती वहिनीकडे गेली.

भाऊ जाऊन दोन वर्षं झाली होती. त्याचा कोट कपाटात, डांबराच्या गोळ्यांत. तो शिवलेला टाचणीताईनेच, एकोणीस वर्षांची असताना, भावाच्या लग्नासाठी. आयुष्यातला पहिला कोट. त्या कोटाचं पुराण तिने ज्याला ऐकवलं नाही असा माणूस शोधून सापडायचा नाही. पहिल्याच फटक्यात जमला, भावाने वीस वर्षं घातला, एक टाका हलला नाही. भाऊ जवळ असला की नुसता हसायचा. वहिनी तेवढंही करायची नाही.

वहिनीने कोट दिला, पण बजावून दिला.

"जसा आहे तसा घालायचा. एक टाका उसवायचा नाही."

टाचणीताईने शब्द दिला. द्यायला काय जातंय, नायक भावासारखाच काडीपैलवान होता. पण प्रयोगाच्या आदल्या दिवशी त्याला कांजिण्या निघाल्या. सगळी गाणी पाठ असलेला एकच माणूस उरला, गाणी बसवणारे मास्तर. आणि मास्तर म्हणजे दोन माणसांचा एक माणूस, म्हणून तर कोटात अडकलेला.

दिग्दर्शक म्हणाला, मागून उसव आणि पट्टी घाल, त्यात एवढं काय? नाटकातल्या कपड्याला फक्त पुढची बाजू असते.

"शब्द दिलाय मी. वहिनी दुसऱ्या रांगेत बसणार आहेत."

"मग बनियनवर पाठवू का याला? वहिनींना तेवढीच करमणूक."

 तिने कोट उचलला आणि बाजूच्या खोलीत गेली. पाठीची मधली शिवण उसवली, राणीच्या झग्यातली वीतभर मरून पट्टी उरली होती ती आत घातली. हात चालत होते पण जीव थाऱ्यावर नव्हता. बाहेरून कुणी हूक मागतंय, कुणाचा घागरा सुटलाय, दिग्दर्शक दर पाच मिनिटांनी दारात.

मास्तरांचे हातही लांब. बाहीच्या आत दोन बोटं कापड दुमडून ठेवायची तिची पहिल्यापासूनची सवय. उजवी बाही उलटी केली, कापड जिथल्या तिथे. डावी उलटी केली, तर आत काहीच नाही. कापड पार कडेपर्यंत सोडलेलं. वर काळ्या कोटाला तपकिरी दोरा, लांब लांब, घाईतले टाके, आणि शेवटी दोनदा मारलेली जाड गाठ.

तो टाका तिने लगेच ओळखला. वहिनी बटण लावायची तेव्हा अशीच गाठ मारायची, आणि टाचणीताई सगळ्यांसमोर म्हणायची, वहिनींनी शिवलं की पोतं शिवल्यासारखं. वीस वर्षं म्हणायची.

तिने टेप लावून मापलं. जुन्या घडीपाशी डावी बाही दोन बोटं आखूड भरत होती.

म्हणजे पहिल्या फटक्यात जमला नव्हता. लग्नात भाऊ एक बाही आखूड घालून उभा राहिला, आणि नंतर वहिनीने ती गुपचूप लांब केली. वर वीस वर्षं पोत्याचं ऐकून घेतलं.

टाचणीताई खालीच बसली. तेवढ्यात राणीने हाक मारली, म्हणून उठली.

बाह्या वाढवायचा विचार तिने सोडला. मास्तरांना सांगितलं, हात वाकवून गा, आणि मेलात तरी पाठ फिरवू नका. डावी बाही पाहताना उसवली होती, ती परत शिवायला घेतली. तपकिरी दोरा शोधला आणि जुन्याच भोकांतून लांब लांब टाके घातले. तिच्या हाताला वाईट शिवता येतच नव्हतं गं, तीनदा उसवावं लागलं. शेवटी गाठ मारली. दोनदा.

प्रयोग झकास चालला होता. पण शेवटच्या गाण्याला मास्तरांना स्फुरण चढलं, आणि त्यांनी गर्रकन पाठ फिरवली. काळ्या कोटावर मानेपासून कमरेपर्यंत मरून पट्टी. लोकांना वाटलं हीच गंमत आहे, टाळ्याच पडल्या. टाचणीताई विंगेतून दुसऱ्या रांगेकडे बघत होती. वहिनी टाळ्या वाजवत नव्हती.

प्रयोग संपल्यावर वहिनी आत आली. कोट मागून घेतला. टाचणीताई माफी मागायला तोंड उघडणार, तर वहिनीने पाठीकडे बघितलंच नाही. डावी बाही उलटी केली आणि त्या गाठीवरून अंगठा फिरवला. एकदा. मग परत एकदा.

"ही उघडलीस?"

टाचणीताईने तोंडातली टाचणी काढून बाहीवर टोचली.

"नाही. तिला कशाला हात लावू? पहिल्याच फटक्यात जमलेली आहे ती."

 वहिनीने कोटाची घडी घातली, मरून पट्टी वर येईल अशी, आणि हातावर टाकली.

"पाठ राहू दे अशीच," म्हणाली, "तुझ्या भावाला शोभली असती."

आणि गेली. टाचणीताई खाली वाकून सांडलेल्या टाचण्या वेचायला लागली, एकेक करून, खोली रिकामी झाली तरी.

आता तू सांग, तू असतीस तर काय उत्तर दिलं असतंस?