टोंक रोडवरचं बिऱ्हाड

माझा मुलगा बंगळूरहून दोन हजार किलोमीटर गाडी हाकत जयपूरला आला, आणि आमच्या तिलक नगरच्या घरी न येता टोंक रोडवर, चाकसूच्या अलीकडे, एका शेतात जाऊन उतरला.

आता त्याला शेत म्हणायचं नाही. त्याला कॅम्पसाइट म्हणतात. कोणा शहाण्याने मोहरी पेरायचं बंद करून तिथे फरशा टाकल्या, प्रत्येक फरशीपाशी एक विजेचा खांब आणि एक नळ उभा केला, आणि फाटकावर पाटी लावली, ‘यहाँ सुकून मिलता है’. लोक चाकांवरची घरं घेऊन येतात, खांबाला वायर जोडतात, घडीच्या खुर्च्या उघडतात आणि सुकून मिळायची वाट बघत बसतात. समोर बघायला काय, तर शेजारच्या शेतातल्या दोन म्हशी.

निलय आणि त्याची बायको ज्ञानदा दोघंही लॅपटॉपवर काम करतात, म्हणजे कुठेही बसून करतात. मागच्या वर्षी त्यांनी फ्लॅट सोडला आणि ही मोटारहोम घेतली. आतच पलंग, शेगडी, बेसिन, सगळं. “आई, आम्ही आता फिरतं आयुष्य जगणार,” असं त्याने फोनवर सांगितलं तेव्हा मला हसू आलं. दिलीप, म्हणजे आमचे हे, विमा कंपनीत होते. अमरावती सुटल्यावर रायपूर, इटारसी, रतलाम, कोटा, असं एकोणतीस वर्षं आम्ही फिरतंच आयुष्य जगलो. त्याला बदली म्हणत, आणि त्याचे फोटो काढायला कोणी येत नसे.

म्हणून तर घर बांधलं. जयपूर ही शेवटची बदली, तेव्हा मी ह्यांना बजावलं की आता मेले तरी खोकी बांधणार नाही. वर निलयची खोली काढली, पूर्वेला मोठी खिडकी ठेवून. ह्या वेळी तो येणार म्हणून पडदे नवे शिवले. आणि चिरंजीव म्हणतात, “आपली गल्ली अरुंद आहे नं आई, गाडी वळणार नाही. तू ये नं इकडे भेटायला.”

भेटायला! पोटच्या पोराला भेटायला मी टॅक्सी करून गेले. फाटकावरच्या गार्डने विचारलं, “किससे मिलना है?” मी म्हटलं, बेटे से. तर म्हणाला, “प्लॉट नंबर?”

प्लॉट नंबर मला कुठला ठाऊक असायला! तेवढ्यात निलयच समोरून येताना दिसला. अर्धी चड्डी, डोळ्यांना गॉगल, आणि हातात संडासाचा डबा. गाडीतला संडास म्हणजे खाली सरकणारा एक डबा असतो, तो भरला की मालकाने स्वतः उचलून कोपऱ्यातल्या टाकीत रिकामा करायचा. ह्यालाच आम्ही अभियांत्रिकीला घातलं होतं.

“काय करून राहिला रे तू हे?” मी म्हटलं.

“अगं, सगळेच करतात इथे,” तो म्हणाला, आणि डबा झुलवत गेला. खरंच सगळे करत होते. एक पांढऱ्या केसांचे परदेशी गृहस्थ त्याच्या मागे रांगेत उभे होते, हातात डबा धरून.

गाडीच्या आतली तर तऱ्हाच न्यारी. चहापत्ती तीन डब्यांत आणि मीठ कुठेच नाही. काचेच्या बरण्या नुसत्या एकमेकींना खेटून ठेवलेल्या. मला राहवेना. मी पदर खोचला आणि दोन्ही कपाटं उपसून परत लावली, दर दोन बरण्यांच्या मध्ये जुनं कापड घालून. ज्ञानदा म्हणाली, “आई, तुम्हाला किती छान जमतं हो!” जमतं म्हणजे? ही मुलगी जन्मली नव्हती तेव्हा मी दीड दिवसात अख्खा क्वार्टर ट्रकमध्ये चढवत होते.

मला फक्त एक रात्र हवी होती. रविवारी सकाळी ते उदयपूरला निघणार होते. त्याआधी एक रात्र त्याने स्वतःच्या घरी, स्वतःच्या खोलीत झोपावं, बस. शुक्रवारी मी घरच्या गरम पाण्याच्या अंघोळीचं आमिष दाखवून पाहिलं. शनिवारी वांग्याची भाजी आणि कळण्याच्या भाकरी नेल्या. दोघांनी त्या खुर्च्यांवर बसून मिटक्या मारत खाल्ल्या, म्हशींकडे बघत. आणि गल्लीचं तुणतुणं चालूच.

मग माझं डोकं फिरलं. शनिवारी संध्याकाळी मी शिवणाची टेप काढली, एक टोक ह्यांच्या हातात दिलं आणि आमची गल्ली मोजली. “मुलांना त्यांच्या मनासारखं राहू दे गं,” हे म्हणत होते. मी म्हटलं, तुम्ही टेप ताणून धरा. रविवारी सकाळी तिथे जाऊन, ते आवराआवर करत असताना, मी त्यांची गाडी मोजली. चांगला दीड हात मोकळा राहत होता.

“पाण्याचा टँकर येतो आपल्या गल्लीत,” मी निलयला म्हटलं. “तुझी ही खटारी येत नाही होय? खोटं कशाला बोलतोस आईशी?”

तो वायर गुंडाळत होता. थांबला.

“आई, घर छान आहे गं. पण मी तिथे राहिलोच नाही कधी. तुम्ही बांधलं तेव्हा मी हॉस्टेलला होतो. मी आलो की तू नवा टॉवेल काढतेस. मतलब, पाहुण्यांना काढतात तसा. रात्री उठलो तर मला दिव्याचं बटण सापडत नाही.”

“मग तुझं घर तरी कुठलं?”

मला वाटलं, बंगळूर म्हणेल. त्याला विचारही करावा लागला नाही.

“ट्रकची केबिन. तिकडून तू, इकडून बाबा, मध्ये मी. तू ड्रायव्हरला ओरडायचीस, भैया, धीरे चलाओ, बरण्या फुटतील. बाकी घरं बदलायची. ते तेवढं दर वेळी तसंच असायचं.” मग म्हणाला, “चल नं आमच्यासोबत. आत्ता. उदयपूरपर्यंत. बाबांना रस्त्यात घेऊ. परत रेल्वेने या.”

ज्ञानदाने पुढच्या सीटवरची स्वतःची बॅग उचलून मागे टाकली. “बसा, आई.”

मी म्हटलं, उद्या बाई येते कामाला. कुंड्यांना पाणी कोण घालणार. टाकी भरायची आहे. सगळं खरंच होतं, पण खरं कारण ते नव्हतं. मला भीती वाटली. घराला कुलूप लावून दोन रात्री बाहेर राहायची भीती. बदलीचा फोन आला की दीड दिवसात बिऱ्हाड उचलणारी मी, आणि आज मला एक पायरी चढवेना. तीन दिवस मी ह्या पोरांना हसत होते.

“बरं,” निलय म्हणाला. त्याने आग्रह केला नाही. वाकून पाया पडला आणि गाडीत चढला.

गाडी फाटकाकडे वळली तेव्हा ज्ञानदा अजून मागेच बसली होती. निलयच्या शेजारची सीट रिकामी होती. फाटकापाशी पोचून तो थांबला, आरशात बघत, चांगला मिनिटभर थांबला. मी जागची हलले नाही.