कर्दळीमागची झाडं

माळीणबाईंचा पाचोळा चोरीला जात होता, आणि ही गोष्ट कोणाला सांगायची सोय नव्हती. सांगितली की लोक हसायचे. "पाचोळा? अहो बाई, चोराला दुसरं काही मिळालं नाही का?" असं म्हणून पंपघरातला ऑपरेटर तर चहाचा ठसका लागेपर्यंत हसला होता.

हसणाऱ्याचं काय जातं? शहराला पाणी पुरवणाऱ्या त्या केंद्राचं आवार म्हणजे निव्वळ मुरूम. पहार मारली तर ठिणगी उडावी. तिथे बाईंनी वर्षानुवर्षं गळलेली पानं, कापलेलं गवत, कुजलेलं शेण एकावर एक अंथरून माती तयार केली होती. माती उघडी टाकायची नाही, तिच्या अंगाला ऊन लागू द्यायचं नाही, हा त्यांचा हट्ट. आता कुठे मूठभर माती उचलली की त्यात गांडूळ वळवळायला लागलं होतं. आणि ज्या ढिगावर हे सगळं चालायचं, त्यातून टोपल्याच्या टोपल्या गायब होत होत्या.

एके दिवशी सकाळी त्यांना ढिगापासून निघालेली सांडलेल्या पानांची रेघ दिसली. तिच्या मागे मागे त्या मोठ्या टाकीला वळसा घालून कुंपणापर्यंत गेल्या. तिथे कर्दळीचं दाट बेट होतं. त्यापलीकडे जुन्या बांधकामाचा राडारोडा, म्हणून कोणी फिरकत नसे. बाईंनी कर्दळ बाजूला सारली.

कमरेएवढी पाच-सहा झाडं डौलात उभी होती. पंज्यासारखी पसरलेली, कडेला कातरलेली पानं. नाकात शिरणारा उग्र वास. गांजा! आणि प्रत्येक बुंध्याभोवती बाईंचाच पाचोळा, खोडाला न टेकवता, गोल, जाड, अगदी त्या स्वतः घालतात तसा.

खरं सांगायचं तर आधी त्यांच्या मनात आलं, "कोण मेल्यानं इतकं नीट अंथरलंय?" मग घाईनं कर्दळ पुन्हा जागेवर सोडली.

त्या तशाच केंद्राच्या साहेबांच्या केबिनमध्ये गेल्या. साहेबांनी ऐकून घेतलं, चष्मा पुसला आणि म्हणाले, "हात लावू नका हं. पुरावा आहे तो. मी बघतो."

साहेब बघत राहिले. दोनदा आठवण केली, दोनदा "हो हो" झालं. शेवटी बाई स्वतःच पोलीस ठाण्यात गेल्या. तिथल्या हवालदारानं जांभई आवरत विचारलं, "उपटली तर नाहीत ना?"

"नाही."

"उपटायची नाहीत. आम्ही येऊ, पंचनामा करू. तोवर झाडं आहेत तशी राहिली पाहिजेत. मेली-बिली तर पुरावाच गेला."

"अहो, ऊन केवढं आहे! मी काय त्यांना पाणी घालत बसू?"

"ते तुम्ही बघा. माळी तुम्ही की आम्ही?"

झालं! चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात तशी गत. चोरानं लावलेली झाडं बाई झारीनं जगवू लागल्या. दुपारी पानं मान टाकायची आणि बाईंचा जीव वरखाली व्हायचा. पोलिसांचा पत्ता नव्हता. फोन केला की "गाडी नाही", "साहेब बाहेर आहेत", "आज बंदोबस्त आहे". स्वतःच्या गुलाबांचं पाणी तोडून त्या गांजाला पाणी घालत होत्या आणि मनातल्या मनात साऱ्या जगाला शिव्या घालत होत्या.

घरी जेवताना त्यांनी सगळं भडाभडा सांगून टाकलं.

नवरा म्हणाला, "अगं, तू बागकाम कर. हेरगिरी कशाला करतेस?"

"आणि माझा पाचोळा?"

"पाचोळ्याचं काय घेऊन बसलीस!"

धाकटा दीर खाली मान घालून जेवत होता. तो सोफे, खुर्च्यांच्या गाद्या शिवायचा. शिडीवरून पडल्यापासून त्याची पाठ धरलेली होती, झोप उडालेली होती. काम कमी झालं म्हणून रोज दुपारी वहिनीचा डबा केंद्रावर पोचवायचा आणि "जरा पाय मोकळे करतो" म्हणून आवारात फिरायचा. त्यानं हळूच विचारलं, "वहिनी, पोलीस खरंच येणार म्हणाले?"

"येतील नाहीतर काय! उद्या मी त्यांच्या दारात जाऊन बसते."

बाई खरंच दुसऱ्या दिवशी पुन्हा ठाण्यात गेल्या, आवाज चढवला, आणि परवा येतो असा शब्द घेऊनच परतल्या. त्या परवाच्या दिवशी कर्दळीमागे पाहतात तो काय, झाडं नाहीत! खड्डेसुद्धा नाहीत. माती सारखी करून वर पाचोळा पसरलेला.

आणि नेमकी त्याच दिवशी पोलिसांची गाडी आली. अधिकारी, हवालदार, फोटो काढणारा, सगळा लवाजमा. अधिकाऱ्यानं बुटाच्या टोकानं पाचोळा उकरला. "कुठायत झाडं?"

"कालपर्यंत होती, साहेब. मी पाणी घालत होते."

"तुम्ही पाणी घालत होता?"

"तुमच्याच माणसानं सांगितलं म्हणून!"

हवालदार आभाळाकडे बघू लागला. बाईंनी आशेनं आपल्या साहेबांकडे पाहिलं. त्यांनी पुन्हा चष्मा पुसला. "बाई काहीतरी बोलल्या होत्या खऱ्या. मला वाटलं, पाचोळ्याचंच असेल."

"खोटी माहिती देणं हासुद्धा गुन्हा आहे," अधिकारी म्हणाला. "उद्या ठाण्यात या. काय ते नीट सांगा."

"येते! आणि चोरही घेऊन येते, बघाच!" बाई तरातरा निघाल्या ते थेट घरीच.

डोकं इतकं तापलं होतं की हाताला काहीतरी काम हवं होतं. परसात कोथिंबिरीसाठी वाफा खणावा म्हणून त्या कुदळ शोधायला मागच्या शेडमध्ये शिरल्या. दीर तिथेच गाद्या शिवायचा. आत पाऊल टाकलं आणि त्या थबकल्या. तोच वास. कापसाच्या गठ्ठ्यांमागे, गादीच्या कापडाखाली, ती झाडं दोरीला उलटी टांगलेली होती.

दीर मशीनवरून उठला. पाठ धरून, अर्धवट वाकलेला.

"भाऊजी..." बाईंचा आवाजच फुटेना. मग फुटला तो असा की शेजारची खिडकी उघडली. "भाऊजी-बिऊजी गेलं खड्ड्यात! अरे, तू? माझ्याच आवारात? माझ्याच पाचोळ्यात?"

"वहिनी, हळू. आपल्या परसात लावलं असतं तर सगळ्यांना दिसलं असतं. आणि इथल्या मातीत काही येत नाही. तुमच्या मातीत..."

"माझ्या मातीचं नाव काढू नकोस!"

"गोळ्यांनी पोट जळतं, वहिनी. रात्रभर डोळा लागत नाही. एक जण म्हणाला, यानं झोप येते."

"मला सांगायचं होतंस!"

"सांगितलं असतं तर तुम्ही लावू दिली असती?"

"नसती! नसतीच!" बाई मटकन गठ्ठ्यावर बसल्या. या पोराला त्यांनी शाळेचे डबे करून दिले होते. आता त्याचं नाव सांगावं तर तो तुरुंगात, न सांगावं तर त्या खोट्या. त्यांना रडूही येईना, इतका संताप आला होता.

संध्याकाळी नवरा कामावरून येण्याआधी त्यांनी सगळी झाडं कोयत्यानं बारीक तोडली, परसातल्या खतखड्ड्यात टाकली, वर शेणकाला ओतला आणि दिराकडूनच माती ओढून घेतली. तो पाठीच्या कळा सोसत ओढत राहिला. बाईंनी बस म्हटलं नाही.

दुसऱ्या दिवशी ठाण्यात अधिकाऱ्यानं विचारलं, "हं, कुठाय तुमचा चोर?"

"चोर नाही, साहेब. माझीच चूक झाली. अंबाडी असावी ती. पानं तशीच दिसतात. कोणीतरी उपटून नेली."

अधिकारी खुर्चीत मागे रेलला. "माळीण ना तुम्ही? इतकी वर्षं काम करताय आणि अंबाडी ओळखता येत नाही?"

हवालदार खो खो हसला. बाईंच्या कानशिलांना आग लागली. चोर म्हटलं असतं तरी चाललं असतं, वेडी म्हटलं असतं तरी. पण हे! तोंड दाबून बुक्क्यांचा मार खाऊन त्या उठल्या. "नाही ओळखता आली," म्हणाल्या.

बातमी त्यांच्या आधी केंद्रावर पोचली होती. ऑपरेटर पंपघराच्या दारातून ओरडला, "काय बाई, आज अंबाडी की गांजा?" साहेबांनी कर्दळ मुळापासून काढायचा हुकूम सोडला होता, "नसती भानगड नको" म्हणून. इतकी फोफावलेली कर्दळ! बाईंनी एकटीनं ती खणून काढायला घेतली.

दुपारी दीर डबा घेऊन आला आणि फाटकाजवळच उभा राहिला.

"आत का येत नाहीस?" बाईंनी विचारलं.

"येऊ?"

"नको. डबा ठेव आणि जा. उद्या मोठ्या दवाखान्यात जायचंय, पाठ दाखवायला. मी रजा टाकली आहे."

"वहिनी, तुम्ही कशाला रजा..."

"एक अक्षर बोललास तर बघ!" म्हणत बाईंनी डबा हिसकावून घेतला. तो पाठ फिरवून दोन पावलं गेला, तेव्हा त्या मागून ओरडल्या, "आणि सरळ चाल! किती वाकतोस!"

त्याला सरळ होता येत नव्हतं, हे त्यांना दिसत होतं. म्हणून तर जास्तच राग येत होता.