सोडियम चिकटेना

सकाळपासून तिच्या पायाला भिंगरी लागली होती. टाकीपासून पडद्याकडे, पडद्यापासून टाकीकडे. टाकीत वितळलेलं सोडियम होतं, चांदीसारखं चकचकीत, पण आतलं काहीच दिसू न देणारं. अणुभट्टी थंड ठेवणाऱ्या या धातूत काय हललं, काय वाकलं, हे कळायला आत आवाज पाठवून त्याचा प्रतिध्वनी ऐकावा लागतो. त्यासाठीचा सेन्सर तिने बनवला होता: पुढे पोलादी तोंड, त्यामागे आवाज काढणारा आणि ऐकणारा स्फटिक. तो बुडवला आणि पडद्यावर नुसती सपाट रेघ आली.

"आतला स्फटिक तडकला असणार," साहेब म्हणाले. "काढा बाहेर."

"हवेत तापवला तेव्हा ठणठणीत होता, साहेब. सोडियम सेन्सरच्या पोलादी तोंडाला चिकटत नाहीये. मध्ये वायूचा पापुद्रा राहिलाय, आवाज तिथूनच माघारी फिरतोय. आच वाढवली तर चिकटेल."

सगळ्यांनी तिच्या नवऱ्याकडे पाहिलं. स्फटिक आणि पोलाद यांचा जोड त्याने केला होता. तापलं की पोलाद जास्त फुगतं, स्फटिक कमी. ताण सगळा त्या जोडावर.

"टिकेल?" तिने विचारलं.

"बायको म्हणून विचारतेस की इंजिनीअर म्हणून?"

"दोघींच्या वतीने."

"मग दोघींना एकच उत्तर. माहीत नाही. पण वाढव."

आच वाढली. ती नखं कुरतडत उभी राहिली. तो पडद्याकडे पाठ करून उगाच हातमोजे चाचपत होता. रेघ थरथरली, मग तिला टोकदार उंचवटा आला. चाचणीसाठी टाकीच्या तळाशी ठेवलेली सळई उत्तर देत होती.

"आलं!" ती ओरडली. साहेबांनी चक्क टाळ्या वाजवल्या.

टाकी निवू लागली, तसा उंचवटा खचत गेला आणि मिटला. जोड सुटला होता.

संध्याकाळी दोघं फाटकापर्यंत चालत आले.

"तुझं खरं ठरलं, तरी तोंड का पाडलंस?" त्याने विचारलं.

"तुझा जोड गेला ना."

"गेला. आता मध्ये तिसरा धातू घालून बघतो. फुगण्यात दोघांच्या मधला. सासू-सुनेच्या मध्ये मुलगा असतो तसा."

"तो कधी टिकलाय का?"

दिवसभरात ती पहिल्यांदा हसली. तो मात्र हसला नाही. कोणता धातू, हेच त्याच्या डोक्यात घोळत होतं. फाटकातूनच तो मागे प्रयोगशाळेकडे वळला. क्षणभर थांबून तीही वळली.