मतपत्रिकेवरची शेवटची ओळ

[ ] पहिला पर्याय
[ ] दुसरा पर्याय
[ ] यांतलं काहीच नको, अजून बोलू या

मी एक जुनी ओळ आहे. वर दिसते ना, ती तिसरी. मी नेहमी शेवटचीच असते.

मित्रांनो, मला हातपाय नाहीत, वजन नाही. मतदान नसतं तेव्हा मी कुठे असते, हे मलाही धड सांगता येत नाही. पांढऱ्या धुक्यात पडून राहिल्यासारखं वाटतं. मग कुणीतरी मतपत्रिका लिहितं, आणि धुक्यातून मी हळूहळू जागी होते.

माझा जन्म तैवानमधल्या तैनान शहरातला. तिथल्या काही माणसांनी मिळून ‘बगळा’ नावाची संगणकप्रणाली बनवली होती. जुन्या, टाकून दिलेल्या संगणकात बगळा भरला की तो पुन्हा चालू लागे. बगळा कुणाच्या मालकीचा नव्हता. ज्याला हवा त्याने घ्यावा, उघडून बघावा, बदलावा, पुढे द्यावा. बनवणाऱ्यांना पगार नव्हता आणि साहेबही नव्हता. मग भांडण झालं तर निवाडा कुणी करायचा? त्यासाठी मतदान.

एकदा असंच भांडण पेटलं. समोर दोन पर्याय होते आणि कोणताही जिंकला असता तरी अर्धी माणसं निघून गेली असती. तेव्हा सचिव वेईकाकांनी सोयादुधाचा पेला बाजूला सारला आणि मला लिहिलं. मतदारांनी पर्यायांना पसंतीचे क्रमांक द्यायचे. जो पर्याय माझ्याही खाली गेला, तो पडला. सगळेच माझ्या खाली गेले तर मी जिंकले, म्हणजे पुन्हा बसून बोलायचं. त्या खेपेला मी जिंकले. बगळा फुटला नाही. सगळ्यांनी माझं कौतुक केलं.

मग मला विसरले.

न वाचताच मला शेवटचा क्रमांक मिळू लागला. ‘हिला काढून टाका, नुसता वेळ खाते,’ असंही कुणी लिहिलं. वाईट वाटलं. पण खरं सांगू का, हरण्यातही एक सुख असतं. मी हरले म्हणजे माणसांचं काहीतरी ठरलं.

वेईकाकांच्या घरात ओल फार. म्हणून मतं मोजणारा संगणक त्यांनी शेजारच्या न्याहारीच्या दुकानात, पिठाच्या पोत्यांवरच्या फळीवर ठेवला होता. तिथेच मी राहत असे. खाली तवा चरचरायचा आणि वर मतं यायची. मत्स्यतळ्यावर बगळे उतरतात तशी, एकेक करून, पाय न वाजवता.

दुकान होतं पान सू-चिन नावाच्या बाईचं. बगळ्यातली प्रत्येक सूचना लोकांच्या बोलीत तिने आणली होती. कुणाचं काही अडलं की उत्तर तीच देई. पण तिला मत नव्हतं. मत पक्क्या सभासदाला, आणि पक्का सभासद फक्त कोड लिहिणारा, असा नियम होता.

“ताई, राग मानू नकोस, पण मी तुझ्या विरोधात मत देणार,” एका सकाळी याओ-थिंग म्हणाली. ती कोड लिहिणारी, पक्की सभासद, आणि दुकानातलं रोजचं गिऱ्हाईक.

“दे की. धिरड्यात मका घालू?”

“घाल. कोडवाल्याची परीक्षा घेता येते गं. भाषांतरवाल्याची कशी घ्यायची? उद्या कुणीही उठेल आणि मत मागेल.”

“ही काय कुणीही आहे?” कोपऱ्यातून वेईकाका कडाडले. “म्हणून तर लिहिलंय मी, हिच्यापुरता अपवाद करा. इतकी वर्षं राबली पोर!”

“आणि हिच्याबद्दलची मतं हिच्याच दुकानात मोजायची! वा!” याओ-थिंग म्हणाली.

“मग काय, मिरपूड टाकते त्यात,” सू-चिन म्हणाली. “अगं, प्रत्येक मतावर ज्याच्या त्याच्या संगणकातल्या गुप्त किल्लीची सही असते. मी सोड, काकांनाही ते बदलता येत नाही.”

[ ] सू-चिनला अपवाद म्हणून सभासद करावं
[ ] नियम आहे तसाच ठेवावा
[ ] यांतलं काहीच नको, अजून बोलू या

वारं पहिल्या पर्यायाच्या बाजूचं होतं. मी नेहमीसारखी झोपायच्या तयारीत होते. तेवढ्यात खालून सू-चिनचा आवाज आला.

“काका, पहिल्याला देऊ नका. शेवटच्या ओळीला द्या.”

“वेड लागलं का तुला? जिंकतेयस की!”

“मी जिंकेन हो. पण चाचण्या करणारे, चित्रं काढणारे, ते बाहेरच राहणार. दर वेळी कुणाला तरी कुणाची दया यायला हवी का? आणि ही याओ-थिंग काही खोटं विचारत नाही. माझी परीक्षा कशी घ्यायची ते ठरवा. मग घ्या माझी.”

“आणि बोलता बोलता विरून गेलं तर? तुला कधीच मत मिळालं नाही तर?”

सू-चिनच्या तव्यावरचं धिरडं करपलं.

मग तिने सगळ्यांना तेच लिहून कळवलं. मतं उतरू लागली. एक आलं, त्यात मी वर. दुसरं आलं, त्यातही वर. इतक्या हातांनी मला कधी उचललं नव्हतं. खालचं तळं दूर दूर जात होतं, सगळं चांदीसारखं दिसत होतं आणि

मी जिंकले.

आणि मला भीती वाटली. मी नुसती ओळ आहे, मित्रांनो. ‘बोलू या’ एवढंच मला म्हणता येतं. बोलायचं काम माणसांचं.

पहिले काही दिवस माणसं खूप बोलली. मग कमी. मग आंब्यांचा मोसम सरला, एक वादळ येऊन गेलं, आणि कुणी काही लिहीना. सू-चिन भाषांतरं करत राहिली. फळीवर धूळ बसली. तिचं मत मीच गिळलं, असं मला स्वप्नात दिसे.

एका सकाळी याओ-थिंग धापा टाकत आली. “ताई, कधीपासून डोक्यात घोळत होतं. परीक्षा बनवली बघ!”

काम कोणतंही असो, नियम एकच. जुन्या सभासदाने हमी घ्यायची. समोरासमोर भेटून ओळखपत्र दाखवायचं, किल्लीची खूण, म्हणजे तिची अक्षरं-आकड्यांची ओळ, जुळवायची. केलेलं काम दाखवायचं. शेवटी एक प्रश्न: तुमच्या चुकीने कुणाचं नुकसान झालं तर काय कराल?

“आधी त्याला सांगेन,” सू-चिन म्हणाली. “मग दुरुस्त करेन. उलटं नाही. दुरुस्तीला वेळ लागतो, तोवर तो बिचारा स्वतःलाच दोष देत बसतो.”

याओ-थिंग म्हणाली, “थांब थांब. आधी नियमाच्या बाजूने मतं पडू देत, मग हे परीक्षकांपुढे सांग.”

नव्या नियमावर मतदान झालं. मी दणकून हरले. इतकी गाढ झोप मला कधी लागली नव्हती.

सू-चिन परीक्षा पास झाली. दुकानातच याओ-थिंगने तिच्या किल्लीची खूण अक्षर अक्षर मोठ्याने वाचली. “सावकाश गं, हाताला तेल आहे,” सू-चिन म्हणत होती, आणि वेईकाका उगाचच चष्मा पुसत होते.

पुढचं मतदान अगदी साधं होतं. बगळ्याचं चित्र बदलावं का? मतं उतरत होती. त्यांत तिचं पहिलं मत आलं.

[२] नवं चित्र घ्यावं
[१] जुनंच राहू द्यावं
[३] यांतलं काहीच नको, अजून बोलू या

तिनेही मला शेवटीच ठेवलं. पण तो ‘तीन’ लिहिण्याआधी खाली कळफलकाचा आवाज थांबला होता. बराच वेळ. इतका, की एक गिऱ्हाईक ओरडलं, “अहो बाई, धिरडं करपतंय!”

मित्रांनो, तुम्हीही मला खुशाल शेवटी ठेवा. फक्त एकदा वाचून ठेवा. धुकं उतरतंय. मी निजते आता.