ओल्या मिरचीचा ढीग

नंदुरबारच्या मिरची वाळवायच्या पथारीवर अठरा वर्षं मुकादमकी केलेल्या बाईला वाऱ्याची अक्कल शिकवायची नसते, पण हे शिखाला कोण सांगणार? शिखा म्हणजे इंदरचंदशेठची सून. शेठ लग्नाला राजस्थानात गेलेले, म्हणून आठवडाभर कारभार तिच्याकडे. भर दुपारी ती फोन नाचवत पथारीवर आली.

"फरजानाचाची, उत्तरेकडून थंड हवा येतेय. पारा सहा अंशांनी उतरणार, संध्याकाळी सरी पडतील म्हणतात. सगळा माल गोळा करून झाकून टाका."

होळी तोंडावर आलेली, ऊन रणरणत होतं. फरजानाला रोजा होता, घसा सुकलेला, आणि त्यात हे.

"बेटा, यातला निम्मा माल परवाच पसरलाय. ओला आहे. ओली मिरची ढिगात घातली की आतून तापते, सकाळपर्यंत काळीठिक्कर. हे तुझ्या फोनला कळतं का?"

बाई उगाच चिडली नव्हती. गेल्या साली एका फुसक्या ढगाला भिऊन तिनं असाच ओला माल झाकला. ढग आला तसा गेला, आणि सकाळी ताडपत्री काढली तर आतून वाफ निघाली. शेठ काही आरडाओरडा करणारा माणूस नव्हे. एवढंच म्हणाले, "पुन्हा असं झालं तर मुकादमकी जसोदाबाईकडे." तेव्हापासून फरजाना ढगांकडे बघायचीच बंद झाली. दुधानं तोंड पोळलेलं माणूस ताक फुंकून पितं म्हणतात, हिनं ताकाचं नावच टाकलं होतं.

"ठीक आहे, चाची. तुमच्या भरवशावर ठेवते," शिखा म्हणाली आणि पत्र्याच्या खोलीत जाऊन बसली. भरवसा म्हणे! तो शब्द फरजानाला दुपारभर टोचत राहिला.

चारच्या सुमाराला तिला काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. काय, ते आधी कळेना. मग ध्यानात आलं, कोणी खोकतच नव्हतं. पथारीवर दिवसभर ठसक्यांचा बाजार भरलेला असतो, तोंडाला फडकं बांधलं तरी मिरचीची धूळ घसा सोडत नाही. आता तीस बाया माल खालीवर करत होत्या आणि एकीलाही ठसका नव्हता. हवेला ओल सुटली होती, धूळ उडेनाशी झाली होती. तिनं सुकलेल्या बाजूची एक मिरची उचलून कानाशी हलवली. सकाळी खुळखुळणारं बी गप्प होतं.

तिची जोडीदारीण जसोदाबाई जवळ आली. "माय वं, हवा फिरनी! सातपुडाकडे दख. आते काय करो?"

उत्तरेला आभाळ काळवंडलं होतं. माल उघडा ठेवला तर पाऊस खाणार, झाकला तर ढीग खाणार. कसंही केलं तरी मुकादमकी जाणार. आणि झाकायचा म्हणजे दुपारी ज्या पोरीला झटकून टाकलं तिचंच ऐकायचं, तेही सगळ्यांदेखत. या अल्ला, तीस बायांसमोर नाक कापून घ्यायचं!

"उचला वं!" ती ओरडली. "पहिले सुकेल मिरची, मंग ओली! मन्हंच चुकनं, दुपारलेच उचलाले पाहिजे व्हतं!"

बायांनी पाट्या घेतल्या. फावडी खरडू लागली. शिखा चपला टाकून धावत आली आणि ताडपत्रीचं टोक धरून ओढायला लागली. तेवढ्यात वाऱ्याचा गारेगार लोट आला, अंगावर शहारा उठला, ताडपत्री दोनदा हातातून सुटली. शेवटचा दगड ठेवला तेव्हा थेंब सुरू झाले होते. अजान झाली आणि फरजानानं तिथंच, पत्र्याखाली, पाणी पिऊन रोजा सोडला. पाऊस भुरभुरतच राहिला. ढीग उघडायची सोय नव्हती.

पहाटे सहेरीचे चार घास खाऊन, नमाज आटोपून, फटफटलं तशी ती शाल गुंडाळून निघाली. दात वाजत होते. पथारीवर पोचली तर ओल्या ढिगाची ताडपत्री एका कोपऱ्यात उचकटलेली, आणि शिजल्यासारखा लालबुंद हात छातीशी धरून शिखा खाली बसलेली. डोळ्यांना धारा.

"अगं, काय केलंस हे?"

"आत तापलंय का ते बघायला हात घातला, चाची. नुसती आग आग होतेय. ढीग गरम आहे की माझा हात, तेच कळेना."

फरजानानं मिरचीला सरावलेला हात ढिगात खांद्यापर्यंत खुपसला. गार. दुसरीकडे खुपसला. तिथंही गार. रात्रभरच्या थंडीनं ढिगाला तापूच दिलं नव्हतं. ती मटकन खाली बसली.

"वाचलो, बेटा. पण तू इतक्या पहाटे इथं कशाला तडफडलीस?"

"रात्री राजस्थानातून पप्पांचा फोन आला होता. ओला माल झाकल्याचं कळलं होतं त्यांना, कोणी झाकला विचारत होते. मी म्हटलं, मी झाकायला लावला. चाची नकोच म्हणत होत्या."

"आणि काळा पडला असता म्हणजे?"

"मग काय?" शिखा नाक ओढत म्हणाली. "सुनेला थोडंच कामावरून काढतात!"

फरजानाला हसू फुटलं, आणि हसता हसता रडूच कोसळलं. तिनं तो भाजलेला हात आपल्या ओढणीत गुंडाळला. "चल घरी. दही लावते आधी. मग दोघी मिळून ढीग उघडू."