निळ्या दिव्याचा हेवा

मित्रांनो, मी दात काढायचा एक जुना चिमटा आहे. हे वाचताच तुमच्यापैकी कुणी तरी दाढेवरून जीभ फिरवली असेल. मला त्याची सवय आहे. मला ताटलीत पाहिलं की भलीभली माणसं तोंड मिटून घेतात. तरी आज मी तुम्हांला माझी गोष्ट सांगणार आहे आणि तीत माझा एक वाईट गुणही सांगणार आहे. तो मी आजवर कुणाला सांगितलेला नाही.

माझा जन्म दूरच्या शहरातल्या एका कारखान्यात झाला. पोलाद तापवून, ठोकून मला आकार दिला. माझी चोच खालच्या दाढेच्या दोन मुळांमध्ये नेमकी बसावी म्हणून एका कारागिराने ती कानशीने पुन्हा पुन्हा घासली. वरच्या दाढांचा चिमटा वेगळा असतो, पुढच्या दातांचा वेगळा. मी फक्त खालच्या दाढांचा. डॉक्टर धर्मेंद्र हेडाऊ यांनी भंडारा जिल्ह्यातल्या अड्याळला दवाखाना उघडला, तेव्हा त्यांनी मला आणलं. त्याला आता चौतीस वर्षं झाली.

डॉक्टरांच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या हातमाग होता. लहानपणी त्यांनीही मागावर बसून तुटलेले धागे जोडले होते. त्या बोटांना जोर कुठे द्यायचा आणि कुठे अजिबात द्यायचा नाही, हे कळत असे. ते मला हातात घेत तेव्हा मी लोखंडाचा आहे हे मीच विसरून जाई. बाजाराच्या दिवशी दवाखान्याच्या ओसरीवर गर्दी व्हायची. आसपासच्या खेड्यांतून लोक गालाला रुमाल बांधून यायचे आणि जाताना तोंडात कापसाचा बोळा धरून हसायचे.

त्यांतलाच एक श्रावण. तळ्याखाली त्याची धानाची शेती. ऐन रोवणीत, भातलावणीच्या घाईत, त्याची दाढ सुजली. चिखलाचे पाय तसेच घेऊन तो खुर्चीत बसला. डॉक्टरांनी हिरडी बधिर करायची सुई दिली, थोडं थांबले, मग मी माझं काम केलं.

"करा ना साहेब आता," श्रावण डोळे मिटूनच म्हणाला.

"झालं श्रावण. हे पाह्य तुही दाढ."

"झालं? मले तं समजलंच नाही, बाप्पा!"

तेव्हापासून तो ज्याला त्याला सांगत सुटला, की दाढ काढावी तर हेडाऊ डॉक्टरच्याच हातून. ही स्तुती डॉक्टरांची होती. पण तिच्यातला अर्धा वाटा मी गुपचूप माझ्याकडे ठेवून घेतला. खुर्चीशेजारच्या ताटलीत पहिली जागा माझी होती. दवाखान्यात काम करणारी हर्षा मला रोज धुवायची, गरम वाफेच्या भांड्यात ठेवायची आणि स्वच्छ फडक्यावर मांडताना म्हणायची, "हा आमचा हिरो." ते ऐकून माझी चोच आणखी चकाकत असेल, असं मला वाटे.

मग डॉक्टरांची मुलगी करुणा दातांचं शिक्षण पूर्ण करून घरी परतली.

ती लहान असताना याच दवाखान्यात बाकावर बसून पाढे पाठ करायची. ती आल्याचा मलाही आनंद झाला. पण तिने सोबत एक खोका आणला होता. त्यातून एक दिवा निघाला. हातात धरायची मूठ, पुढे काचेची वाकडी कांडी, आणि बटण दाबलं की झगझगीत निळा उजेड. करुणाने ताटली जरा सरकवली आणि माझ्या शेजारी, खरं तर माझ्याच जागेवर, त्याला ठेवलं.

मित्रांनो, त्या दिवशी माझ्या मनात जे पेटलं त्याला हेवा म्हणतात.

दिव्याचं काम मी पहिल्यांदा पाहिलं ते हर्षाच्याच तोंडात. करुणा तिला समजावून सांगत होती, "दाढेचा वरचा भाग सपाट नसतो. तिच्यात बारीक बारीक खाचा असतात. ब्रशचा केससुद्धा आत जात नाही, पण अन्नाचे कण जातात आणि कीड तिथूनच सुरू होते. म्हणून कीड लागायच्या आधीच त्या खाचा भरून टाकायच्या. याला सीलंट म्हणतात."

"लहान पोरायलेच लावतात ना, मॅडम?"

"मुलांना जास्त गरज असते. पण मोठ्यांच्या दाढेत खोल खाचा असतील अन् कीड नसेल, तर त्यांनाही लावता येते. तुझ्या दोन दाढा तशाच आहेत. बस खुर्चीवर."

करुणाने दाढ घासून साफ केली, तिच्यावर एक औषध थोडा वेळ ठेवून धुतलं, कापूस ठेवून दाढ कोरडी केली. मग बारीक कुंचल्याने पातळसं काही खाचांत सोडलं. आणि तो दिवा पेटला. वीस मोजेपर्यंत त्याने उजेड पाडला आणि पातळ होतं ते कडक झालं. सुई नाही, रक्त नाही, कुरकुर नाही.

"बस? एवढंच?" हर्षा आरशात पाहत म्हणाली. "हा तं कमालच आहे!"

तिने दिव्याची कांडी पुसली. किती जपून पुसली! मला त्या दिवशी तिने नुसतं खळखळ धुऊन ठेवलं. 'हिरो' हा शब्द ऐकायला मी कान लावून होतो. तो आलाच नाही.

मी एकटाच जळत होतो असं नाही. डॉक्टर खिडकीजवळ उभे राहून हे सगळं पाहत होते.

"करुणा, बिनदुखत्या दाताले कोणी हात लावते का?" ते म्हणाले. "दुखलं की लोक येतात. आपण आहोत ना!"

"दुखेपर्यंत थांबायचंच कशाला, बाबा?"

 मला उचलून डॉक्टरांनी उगाच उघडझाप करून पाहिली. त्यांच्या बोटांत मला थोडा ताठरपणा जाणवला. मला मात्र फार बरं वाटलं. दिव्याच्या विरोधात मला माझा माणूस मिळाला होता.

त्या वर्षी करुणा जवळच्या गावातल्या शाळेत मुलांचे दात तपासायला गेली. ज्यांच्या दाढांत खोल खाचा होत्या, त्यांच्या पालकांना तिने चिठ्ठ्या दिल्या. बरीच मुलं आली. ओसरीवर पूर्वी कण्हणं ऐकू यायचं, आता मुलांचा गलका असे. मुलं निळा उजेड पाहायला एकमेकांना ढकलत आणि वीसपर्यंतचे आकडे मोठ्याने म्हणत. मी ताटलीत कोरडा पडून राही. दिव्याची एखादी वायर जळावी, बटण अडकावं, त्याने बसवलेलं सगळं सीलंट एका दिवसात निघून पडावं, असं मी मनात म्हणत असे. होय मित्रांनो, इतका मी वाईट झालो होतो.

एके दिवशी श्रावणही चिठ्ठी घेऊन आला. सोबत त्याची नऊ वर्षांची मुलगी मेघा. त्या दिवशी करुणा भंडाऱ्याला गेली होती.

"साहेब, मॅडमनं शाळेतून चिठ्ठी देल्ली. मेघाच्या दाढेले काही तरी लावाचं म्हणते. लावू का?"

डॉक्टरांनी चिठ्ठी वाचली. मेघाने तोंड उघडलं, त्यांनी ओझरतं पाहिलं.

"दुखते का गं?"

मेघाने मान हलवली. नाही.

"मंग काहून घाई करतं श्रावण? चांगल्या आहेत दाढा. दुखलं तं घेऊन येजो. मी आहो ना."

"तुमी म्हणता तं बरोबरच असंन," असं म्हणून श्रावण मुलीला घेऊन निघून गेला. डॉक्टरांनी ती चिठ्ठी चुरगाळली नाही, फाडलीही नाही. घडी करून खणात ठेवली. आणि मी? मी खूश झालो. एक तरी तोंड दिव्याच्या हातून सुटलं, म्हणून खूश झालो.

दोन वर्षं गेली.

एका बाजाराच्या दिवशी श्रावण धावतच पायऱ्या चढला. मेघाच्या डाव्या गालाची खालची बाजू इतकी सुजली होती की तिचं तोंड नीट उघडत नव्हतं. तिचा सात वर्षांचा भाऊ विक्की बापाच्या सदऱ्याला धरून होता.

"चार दिवस झाले, जेवली नाही पोरगी," श्रावण म्हणाला. "आमाले वाटलं दुधाची दाढ असंन, पडंन आपोआप. घरी लवंग ठेवली. काल रातभर रडली, साहेब."

करुणाने एक्स-रे काढला आणि उजेडासमोर धरून बराच वेळ पाहिला. आधी औषधाने सूज उतरू दिली. पाच दिवसांनी मेघा बाप आणि भावासोबत पुन्हा आली तेव्हा करुणाने दाढ वाचते का हे परत तपासलं. मग हळूच म्हणाली, "बाबा, दाढ आतून दुभंगली आहे. काही उरलं नाही. काढावी लागेल."

डॉक्टरांनी हात धुतले आणि मला उचललं.

कितीतरी दिवसांनी! माझ्या चोचीपासून मुठीपर्यंत आनंद धावला. दिवा बाजूला विझलेला पडला होता. वीस मोजणारं आज कुणी नव्हतं. मेघाने खुर्चीचे हात धरले. सुईने गाल बधिर झाला आणि डॉक्टरांनी मला नेहमीसारखं अलगद आत नेलं. मी दाढेला धरलं, ती डावी-उजवीकडे सैल झाली आणि बाहेर आली. मेघाला दुखलं नाही. मी जिंकलो होतो.

मग खुर्चीवरच्या मोठ्या बल्बच्या उजेडात मी माझ्या चोचीतली ती दाढ पाहिली. आयुष्यभर मी झिजलेल्या, तंबाखूने काळवंडलेल्या म्हाताऱ्या दाढा धरल्या होत्या. लहानांच्याही धरल्या होत्या, पण कधी निरखून पाहिल्या नव्हत्या. ही दाढ तोंडात येऊन फक्त पाच वर्षं झाली होती. तिची मुळं पांढरीशुभ्र, कोवळी होती. बाजू अजून चकाकत होत्या. फक्त वरच्या खाचांतून एक काळं भोक आत उतरलं होतं. पन्नास-साठ वर्षं चावायला आलेली दाढ मी ताटलीत टाकली. टण्‌ असा आवाज झाला.

मेघाने कापसाच्या बोळ्याआडून विचारलं, "डॉक्टर, ही दुधाचीच होती ना? पुन्हा येईल ना?"

मला धरूनच डॉक्टर तिच्याजवळ वाकले.  

"नाही बेटा. ही पक्की दाढ होती. सहाव्या वर्षी मागून येते, कोणताच दात न पडता. म्हणून लोकायले दुधाची वाटते. ही आता येणार नाही."

मेघाच्या डोळ्यांतून पाणी आलं. श्रावण तिच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाला, "जाऊ द्या साहेब. आमालेच समजलं नाही."

"नाही श्रावण." डॉक्टरांनी मला ताटलीत ठेवलं. "तुले समजलं होतं. तू चिठ्ठी घेऊन आला होता. मीच परत पाठवलं तुले. चूक माही आहे."

श्रावणने मेघाला जवळ ओढलं.  मग डॉक्टरांनी खण उघडून ती घडी केलेली चिठ्ठी काढली आणि मुलीच्या हातात दिली.

"मी तेव्हा दाढ नीट पाहिलीसुद्धा नव्हती, करुणा. सारे तुह्या दिव्याचं बोलून राहिले होते. मले ते सहन नाही झालं."

करुणाने चिठ्ठी वाचली. तिचा चेहरा रागाने लाल झाला आणि मग तो राग कुठे न्यावा हे न कळल्यासारखी ती खिडकीकडे वळली. मी ताटलीत रक्ताने माखून पडलो होतो. डॉक्टरांनी जे चारचौघांत कबूल केलं, तेच माझ्याही पोटात होतं. फरक एवढाच, की मला तोंड असूनही बोलता येत नव्हतं.

थोड्या वेळाने डॉक्टरांनी विक्कीला उचलून खुर्चीत बसवलं. त्याच्या खालच्या दाढा नुकत्याच पूर्ण वर आल्या होत्या.

"करुणा, मले शिकव," ते म्हणाले.

"काय?"

"हेच. सीलंट. याच्या दाढा मी करतो. तू बाजूले उभी राह्य."

ती खिडकीकडून परत आली. मग तिने कुंचला त्यांच्या हातात दिला. "आधी पूर्ण कोरडी करा, बाबा. थुंकी लागली तर टिकत नाही." साठीच्या त्या माणसाने मान खाली घालून मुलीचं ऐकलं. कापूस बदलला, पुन्हा कोरडं केलं, थेंब सोडला. धागे जोडणारी ती बोटं निळ्या दिव्याभोवती वळली. मेघा गालावर हात धरून भावाशेजारी उभी राहिली आणि बोळ्याआडून बोबडं बोबडं मोजू लागली, एक, दोन, तीन...

मला वाटलं होतं, आता तरी माझा हेवा संपेल. नाही संपला. माझे डॉक्टर त्या दिव्याला माझ्यासारखंच अलगद धरत होते, हे पाहून मी आणखी जळलो. पण त्या जळण्यात एक इच्छा मात्र उरली नव्हती. दिवा विझावा असं मला वाटलं नाही. मेघाने वीस म्हटलं, तेव्हा मीही मनात वीस म्हटलं.

आता माझी जागा खालच्या खणात आहे. कधी कधी मला बाहेर काढतात, कारण काही माणसं अजून दुखेपर्यंत थांबतात. गेल्या महिन्यात मेघा आली होती. एकटी, सायकलवर. बाराव्या वर्षी आणखी मागे दुसऱ्या दाढा येतात, त्यांना सीलंट लावायला ती स्वतःहून आली. तिने तोंड उघडलं तेव्हा ती रिकामी जागा सगळ्यांना दिसली.  डॉक्टरांनी शेजारच्या दाढा इतक्या हळुवार पुसल्या की हर्षाने मान वळवली.

मित्रांनो, तुमच्या घरी सहा-सात वर्षांचं भावंड असेल तर त्याला आरशासमोर उभं करा. सगळ्यांत मागे एक नवी दाढ आली आहे का ते पाहा. ती दुधाची नाही. दाताच्या डॉक्टरांना दाखवा, खाचा खोल असतील तर सीलंटबद्दल विचारा. आईबाबांनाही आपल्या दाढा दाखवायला सांगा. सीलंट लावलं म्हणून ब्रश सोडू नका, कारण दोन दातांच्या फटीत ते पोचत नाही. आणि दर सहा महिन्यांनी, निदान वर्षातून एकदा, ते टिकलं आहे का ते तपासून घ्या. निघालं तर पुन्हा लावता येतं. गेलेली दाढ पुन्हा लावता येत नाही.

माझी काळजी करू नका. मी पोलादाचा आहे, खणात पडून मला काही होत नाही. वर खोलीत मुलं वीसपर्यंत मोजतात ते मला ऐकू येतं आणि मला दिव्याचा हेवा वाटतो. तो तसाच वाटू द्या. मला बाहेर काढू नका.