माफीच्या पुढचं वाक्य

मी एक जुनी डायरी आहे, मित्रांनो. अंजनगाव सुर्जीच्या एका कृषी सेवा केंद्राने दिवाळीत गिऱ्हाइकांना वाटलेली. छापखान्यातून निघाले तेव्हा माझी ऐट पाहण्यासारखी होती. निळं कव्हर आणि प्रत्येक पानाच्या तळाशी शेतीचा सल्ला! देवमनबाबांनी मला हौसेने घरी आणलं आणि टीव्हीखाली ठेवून दिलं. पाच वर्षं मी विजेची बिलं पोटात घेऊन पडून राहिले. कोरं राहण्याचं दुःख कागदालाच ठाऊक.

मग त्यांच्या मुलीने, ज्योत्स्नाने मला उचललं. क्लास लावून ती स्पॅनिश शिकली होती आणि अमरावतीच्या एका कंपनीत लागली होती. स्पेनमधल्या गिऱ्हाइकांच्या तक्रारींना लेखी उत्तरं द्यायची, हे तिचं काम. तीन महिने पारखून मग पक्की करणार होते.

पण पोरगी पडली वऱ्हाडातली. तिने उत्तरं धाडली, "पार्सल निघालं. वाट पाहा." आपल्याकडे एवढ्याने माणूस निश्चिंत होतो, तिकडची माणसं दुखावली. तिचे वरिष्ठ अमोल सर यांनी बजावलं, "मॅडम, आनखी एक तक्रार आली त मले तुमाले ठेवता येनार नाई."

त्या दिवसापासून ती माझ्यावर लिहू लागली. 'एस्तिमादा सेन्योरा' म्हणजे आदरणीय बाईसाहेब. 'लामेन्तामोस लास मोलेस्तियास' म्हणजे झालेल्या त्रासाबद्दल दिलगीर आहोत. तुरीवरच्या अळीच्या सल्ल्याशेजारी ही वाक्यं मोठ्या गुण्यागोविंदाने नांदू लागली. माझं तर आयुष्य उजळलं.

तिसऱ्या महिन्यात एका बाईंचं कॉफीचं मशीन पोचेना. ज्योत्स्नाने माझ्यातली सगळी गोड वाक्यं वापरून लांबलचक पत्र धाडलं. उत्तर आलं, "आपण चार वेळा माफी मागितलीत. माझं मशीन कुठे आहे? आता मी वरिष्ठांना लिहिते." पोरीचं अवसानच गळालं. माझंही काळीज चिरलं, कारण वाक्यं माझीच होती.

घरी आल्यावर तिने आपलं पत्र आईला, भागीरथाबाईंना, मराठीत वाचून दाखवलं. मेथी निवडता निवडता त्या म्हणाल्या, "बाईले तुही माफी कायले पायजे? तिले मशीन पायजे. कवा भेटते ते कावून नाई लिवलं?"

"मलेच माहीत नाई, माय."

"मंग इचार ना कोनाले. अन् कवा भेटते ते लिव."

ज्योत्स्नाने तिकडच्या गोदामाला विचारलं. पत्त्यात घराचा नंबर नव्हता, म्हणून खोकं अडकलं होतं. तिने बाईंकडून नंबर मागवला आणि नवं पत्र लिहिलं. एक नमस्कार, एक माफी आणि पुढे सरळ, "मशीन गुरुवारी पोचेल. मी स्वतः लक्ष ठेवते." खाली स्वतःचं नाव.

शुक्रवारी उत्तर आलं, "मशीन मिळालं. ग्रासियास, ज्योत्स्ना." म्हणजे आभार. सोमवारी ती पक्की झाली. नोकरी पक्की झाल्याचं पत्र हाती घेऊन तिने माझ्यावर डोकं टेकवलं आणि सुटकेचा असा निःश्वास सोडला की माझी पानं फडफडली. मलाही हायसं वाटलं.

आता ज्योत्स्नाने मला कंपनीत नव्याने लागलेल्या वर्षाली नावाच्या मुलीकडे दिलंय. मित्रांनो, घरात पडलेल्या डायऱ्या रद्दीत घालू नका, त्यांच्यावर लिहा. आणि गोड शब्द जरूर जपा, पण समोरच्याचं काम त्यांच्याखाली दडपू नका. वर्षाली रोज आधी माझं शेवटचं पान उघडते. तिथे स्पॅनिश नाही. ज्योत्स्नाच्या अक्षरात आईचं वाक्य आहे, "कवा भेटते ते लिव."